मन्याचा रियाज

सिंथेसायझर बनवणाऱ्यांनी एकतर मांजर कधी पाहिलेलं नसावं, नाहीतर मांजर समोर बसवूनच तो बनवला असावा. ऐसपैस सपाट पाठ, आतून येणारी मंद ऊब, पंजाने ढकलता येतील असे नॉब आणि पुढ्यात लोंबणाऱ्या रंगीत वायरी. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये इतक्या सोयी माझ्या वाट्याला आलेल्या नाहीत.

मन्या हा आमचा बोका. बेडरूमच्या ज्या कोपऱ्याला मी स्टुडिओ म्हणतो आणि आई 'तुझा पसारा' म्हणते, तिथे त्याचा मुक्काम असतो. जुन्या घडणीचा ॲनालॉग सिंथ चालू केल्या केल्या वाजवता येत नाही. आतले सूर काढणारे ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतात, त्यामुळे तंबोऱ्यासारखाच तोही सुरात यायला वेळ घेतो. तेवढा वेळ वाट पाहायची असते, आणि ती मन्या माझ्या वतीने सिंथवर झोपून पाहतो. मांजरांना तीस अंशांच्या वरची ऊब मानवते म्हणे. मे महिन्यात डोंबिवलीत ती जिन्यातसुद्धा फुकट मिळते. पण मन्याला विजेच्या बिलावरची ऊबच लागते.

झोपेपर्यंत ठीक असतं. खरा घोळ उठताना होतो. आधी पाठीची कमान, मग पुढचे पाय ताणून एक सविस्तर आळस. त्यात उजवा पंजा फिल्टरच्या कटऑफवर, डावा रेझोनन्सवर, आणि शेपूट जाता जाता व्हॉल्यूमची विचारपूस करून जाते. रात्रभर जागून जमवलेला बेस त्या एका आळसात वाहून जातो. १९७० च्या मिनीमोग या सिंथला स्मरणशक्ती नव्हती. नॉब कुठे होते ते कागदावर मांडून ठेवावं लागे. १९७८ मध्ये चाळीस आवाज लक्षात ठेवणारा प्रोफेट-५ आला. तो बनवणाऱ्याच्या घरी बोका असणार, असा माझा दाट संशय आहे. माझा स्वस्तातला सिंथ मात्र मिनीमोगच्याच वळणावर गेलेला, त्यामुळे मी नॉबांची चित्रं काढून ठेवतो. मन्या त्या कागदावर बसतो.

त्याच्या कानांपुढे तर बोलायची सोयच नाही. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्याही वर. म्हणजे माझे स्पीकर जिथे दम टाकतात, त्याच्या वरचं दीड सप्तक मन्याच्या दृष्टीने कोरंच राहतं. तो माझं गाणं ऐकून जांभई देतो ती उगाच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरांना माणसांचं संगीत ऐकवलं आणि मांजरांच्या गुरगुरण्याच्या लयीवर बेतलेलंही. मांजरं स्वतःसाठी बेतलेल्या संगीताकडे वळली, माणसांच्या संगीतापुढे जवळजवळ ढिम्म. त्यात निवडलेले संगीतकार बाख आणि फोरे होते, हाच काय तो माझा दिलासा.

तरी मन्याला हाकलून लावायचं धाडस मला होत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास त्याच्या बाजूने आहे. रोलँड कंपनीचा टीबी-३०३ गिटारवाल्यांना बेसची साथ द्यायला बनवला होता. तो पडला आणि दोन-तीन वर्षांत बंदही झाला. पुढे शिकागोतल्या काही पोरांनी जुन्या बाजारातून तो उचलला आणि नीट न कळताच त्याचे नॉब पिळले. त्यातून ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत जन्माला आलं. हाच टीबी-३०३ घेऊन त्याआधीच, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. त्यांना कळत होतं ते काय करताहेत, म्हणून लोकांना ते कळायला पंचवीसेक वर्षं लागली. डॉन बुकला या अमेरिकन कारागिराने तर 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी' नावाचं मॉड्यूलच बनवलं. काम एकच: कधी काय होईल याचा नेम नसलेलं व्होल्टेज सोडणं. लोक त्यासाठी पैसे मोजतात. आमच्याकडे ते खिडकीतून येतं आणि दूध मागतं.

परवा मी आंघोळ करून बाहेर आलो तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज जरा ऐकण्यासारखं वाजवत होतास रे. रोज असं का नाही वाजवत?"

मी तिला खरं सांगितलं नाही. जाऊन रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

आता हे चाल ढापणं झालं का, असं कुणी विचारेल. त्याचीही सोय आहे. एका माकडाने काढलेल्या सेल्फीच्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून टाकलं, की कॉपीराइटसाठी प्राण्याला दावा लावता येत नाही. डोंबिवलीच्या बोक्याने यावरून काय ते समजून घ्यावं. तरी माणुसकी म्हणून मी प्रत्येक ट्रॅकमागे त्याला एक बांगडा देतो. बांगड्याचे पैसे नोकरीतून येतात. पण आमच्या घरात संगीतावर पोट भरणारा कलावंत आहे, हे आता चारचौघांत खोटं न बोलता सांगता येतं.