कमांडो काका

आमच्या सोसायटीतले कमांडो काका फौजेत कधीच नव्हते. नगरपालिकेच्या जकात खात्यात आयुष्यभर पावत्या फाडून ते निवृत्त झाले. पण पॅरा स्पेशल फोर्सेसचा विषय निघू द्या, म्हणजे निघाला नाही तर ते काढतातच! "मरून टोपी सगळ्या पॅराट्रूपरांची. पण बलिदान बॅज कुणाचा?" हा प्रश्न ते दूधवाल्यालाही घालतात. त्याला उत्तर केव्हाच पाठ झालंय. पण महिन्याचं बिल वेळेवर मिळतं, म्हणून तो बिचारा रोज नव्याने चुकतो.

काका पाठीवर पिट्टू लावून मंडईत जातात. आत दहा किलो तांदूळ. "प्रोबेशनला नव्वद दिवस हेच असतं," असं म्हणत जिना चढतात आणि दर मजल्यावर 'टेहळणी'साठी थांबतात. टेहळणी चालू असताना त्यांच्याशी बोलू नये, दम लागलेला असतो.

11 डिसेंबर हा त्यांचा सण. 1971 साली त्या दिवशी टू पॅराने टांगाइलला उडी घेतली. "आणि टू पॅरा मूळची कोण? थर्ड मराठा! आपली पोरं!" काका दरवर्षी ओरडतात. "आपली पोरं हिंजवडीत आहेत, आठवडा झाला फोन नाही," काकू आतून म्हणतात.

एकाच नावापाशी काकांचा आवाज खाली येतो. कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, ट्वेंटीवन पॅराचे. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक नंतर चेन्नईला प्रशिक्षण घेऊन 2017 मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. हे सांगताना काका कोडी घालत नाहीत, टोपी काढून हातात धरतात. मला काका आवडतात ते एवढ्यासाठी.

यंदा प्रजासत्ताक दिनाला काकांनी खटपट करून पॅरातले एक निवृत्त सुभेदार भाषणाला आणले. साताऱ्याकडचे, बारीक अंगाचे, स्वेटर घातलेले. काकांनी पंचवीस मिनिटं परिचय करून दिला. सुभेदार उठले आणि म्हणाले, "पाय कोरडे ठेवा. मोजे दोन जोड जवळ असू द्या." एवढं बोलून बसले.

काका कासावीस. "साहेब, विमानाच्या दारात उभं राहिल्यावर मनात काय येतं?"

"काय नाही. मागनं रेटा असतो."

"पण भीती? मृत्यू डोळ्यांसमोर?"

"डोळं मिटल्यालं असत्यात की." मग त्यांनी शेजारी हळूच विचारलं, "वडापाव भाषणानंतर का?"

काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या दोरीवर त्यांच्या मोज्यांच्या दोन जोड्या वाळत होत्या आणि दूधवाल्याची परीक्षा पुन्हा सुरू झाली होती.

पुढच्या वर्षीही सुभेदारांनाच बोलवावं, असं कमिटीचं मत पडलं. काकांचा विरोध आहे. ते म्हणतात, त्यापेक्षा मीच बोलतो, मला जास्त माहिती आहे. आणि खरं सांगायचं तर, ती आहेच.