लोकेशन टाकणारे दादा

भिवंडीत ‘लोकेशन टाकतो’ म्हणणारी माणसं दोन प्रकारची. पहिला ट्रान्सपोर्टवाला. तो गोडाऊनच्या गेटचं लोकेशन टाकतो. दुसरा जमिनीचा एजंट. तो टाकतो ते जवळच्या पेट्रोल पंपाचं. आमचे दादा दुसऱ्या प्रकारातले.

दादांना ऑफिस नाही. अंजूर फाट्याकडच्या चहाच्या टपरीसमोर त्यांची पांढरी गाडी उभी दिसली की ऑफिस उघडलं असं समजायचं. शर्ट पांढरा, बूट पांढरे. पावसाळ्यात भाताचे बांध तुडवूनही ते पांढरे कसे राहतात हे मला अजून कळलेलं नाही. एक मोबाईल खिशात, एक हातात, तिसरा गाडीत चार्जिंगला. तिन्ही मोबाईलमध्ये नकाशे, नकाशे आणि नकाशे. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या कपाटातसुद्धा इतके नव्हते.

दादांचे आजोबा शिकारी होते. म्हणजे दादा तसं सांगतात. पडघ्याच्या पलीकडे, तानसाच्या जंगलाकडे ते रानडुकराच्या मागावर जायचे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ठासणीची बंदूक माळ्यावर गेली. बंदूक गेली, पण भाषा घरात राहिली. दादा जागा शोधत नाहीत, तिचा माग काढतात. मालकाच्या भावकीतले चार जण पाठवून त्याला विकायला तयार करायचं, याला ते हाका घालणं म्हणतात. विकत घेणारी ‘पार्टी’ टोकन द्यायला राजी झाली की ती टप्प्यात आली. फरक इतकाच की डुक्कर पळायचं; जमीन जागची हलत नाही, मालक मात्र दर पंधरवड्याला भाव हलवतो.

या शिकारीला रान मिळालं ते जकातीमुळे. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी माल नाक्याच्या अलीकडे ठेवायला सुरुवात केली आणि काल्हेर, काशेली, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा अशी गावंच्या गावं पत्र्याखाली गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात संपली. गोडाऊनं काही संपली नाहीत. उलट मोठी झाली, उंच झाली, त्यांचं ‘लॉजिस्टिक्स पार्क’ झालं. दादांनीही व्हिजिटिंग कार्डावर ‘लँड कन्सल्टंट’ छापून घेतलं.

दादांचा पुतण्या कॉम्प्युटर शिकलेला. नकाशांची एवढी ॲप्स पाहून त्याचा जीव गुदमरतो. एकदा टपरीवर तो म्हणाला, “काका, एक चांगलं ॲप निवडा, बाकीची काढून टाकतो. फोन गरम होतात.”

दादांनी दुसरा कटिंग मागवला आणि एकेका ॲपची हजेरी घेतली.

गूगल मॅप पहिल्याच फेरीत बाद. “रस्ता दाखवतो. रस्ता मला बापाने दाखवलाय. आणि मानकोलीला बावीस मिनिटं म्हणतो! बावीस मिनिटांत कंटेनर गिअर बदलत नाय.”

गूगल अर्थवर मात्र दादांची श्रद्धा आहे, कारण त्यात जुनी छायाचित्रं पाहायला मिळतात. खाडीच्या कडेच्या जागेचा मालक छातीवर हात ठेवून सांगतो, “हा भराव आमच्या आज्यापासूनचा.” दादा मान डोलावतात आणि बोटाने वर्षं मागे सरकवतात. गोडाऊनचा पत्रा उडतो, भराव विरघळतो, भाताची खाचरं उगवतात. आणखी थोडं सरकवलं की खारफुटी आणि चिखल. दादा यावर एक अक्षर बोलत नाहीत. स्क्रीन मालकाकडे वळवून ठेवतात आणि चहा पितात. चहा संपेपर्यंत गुंठ्याचा भाव आपोआप खाली येतो.

मग सरकारी नकाशे. महाभूलेखवर गट नंबर टाकला की सातबारा दिसतो, 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा मिळतो. कॅप्चा वाचायला पुतण्या लागतो, कारण चष्मा लावला तर पार्टीला वय कळतं असं दादांचं मत आहे. महाभूनकाशावर गटाची आकृतीही दिसते, पण ती उपग्रहाच्या चित्रावर ठेवायला गेलं की जरा सरकून बसते. एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात जाते, देऊळ रस्त्यावर येतं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. दादा अशा वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवतात. पुढेमागे भावकीत भांडण लागलं तर कामाला येतो.

क्षेत्र मोजण्याच्या ॲपची कथा जास्त करुण आहे. फोन हातात धरून बांधावरून चक्कर मारायची, की एकूण क्षेत्र निघतं. दादांनी एकाच तुकड्याला सकाळी आणि संध्याकाळी चक्कर मारली. सकाळी 38 गुंठे, संध्याकाळी 41. आता मोजणीवाल्यांची जुनी साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा, 1089 चौरस फूट. म्हणजे गुंठ्याची बाजू जेमतेम 10 मीटर. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होतो. पाच मीटर म्हणजे अर्धी साखळी. पुतण्या म्हणाला, “काका, एवढा फरक चालतो.” दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःच ते ॲप काढून टाकलं. अर्ध्या साखळीवरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या हळदीला जात नाहीत.

दादा मात्र प्रत्येक हळदीला जातात. बोलावलं नसलं तरी. मटणावर त्यांचं लक्ष नसतं, ते वारस मोजत असतात. सातबाऱ्यावर नावं असतात खरी, पण ती कशी? कोणी ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, कोणी ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता म्हणून; जो तिथे अज्ञान आहे त्याला आता नातवंडं आहेत. निम्मी मंडळी देवाघरी, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे. आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लेकीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा. तेव्हा चार भावांनी सह्या केल्या, पार्टीने पैसे मोजायला घेतले, की कुठूनतरी एक आत्या निघते. वसईला दिलेली, हक्कसोड न केलेली. तिला म्हणे एकदा माहेरची साडी आली नव्हती.

“उपग्रहातून आत्या दिसत नाय,” दादा म्हणतात. ॲपच्या कंपन्यांनी या अभिप्रायाचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

दादांचा सर्वांत लाडका नकाशा मात्र कोणत्याच ॲपमध्ये नाही. तो व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आहे. कुठल्यातरी भिंतीवरच्या नकाशाचा, तिरका काढलेला, वर ट्यूबलाइटची चमक आणि कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. त्यावर निळ्या पेनाने ओढलेली एक रेघ. तो येऊ घातलेल्या रस्त्याची ‘अलाइनमेंट’ म्हणून फिरतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला; आमणे आमच्याच तालुक्यातलं. पण दादांच्या मोबाईलमध्ये तो रस्ता डांबर पडण्याआधी किती तरी वर्षं, वेगवेगळ्या पाच गावांतून जात होता. प्रत्येक गावात दादांनी टोकन घेतलं. ज्या गावांतून रस्ता गेला नाही, तिथे ते आता सांगतात की पुढचा इंटरचेंज इथेच आहे.

आता एवढे नकाशे असणारा माणूस दुसऱ्याला पेट्रोल पंपाचं लोकेशन का टाकतो? सोपं आहे. पार्टीला खरी जागा कळली तर ती गट नंबर काढेल, गट नंबरवरून मालक काढेल आणि थेट मालकाच्या ओटीवर जाऊन बसेल. दादांचे दोन टक्के तिथेच बुडाले. म्हणून पार्टीला रांजणोली नाक्यावरून उचलायचं, मागच्या सीटवर बसवायचं, काचा वर, एसी चालू. मग गावातून आत, वीटभट्टीला वळसा, मुंबईला पाणी नेणारी पाइपलाइन एकदा ओलांडायची आणि दोन वळणांनी तीच परत उलट बाजूने ओलांडायची. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. त्या पाइपांचा असा उपयोग होईल असं बांधणाऱ्या इंग्रजाच्या स्वप्नात आलं नसेल. पार्टीचा हात मोबाईलकडे गेला की दादा पाण्याची बाटली पुढे करतात. हात परत गेला की वेफर्स. तिसऱ्यांदा गेला तर गाडी खड्ड्यातून घालतात, आणि त्यासाठी त्यांना फार लांब जावं लागत नाही.

मीच एकदा त्यांना अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या ॲपबद्दल सांगितलं. ऑनएक्स नाव. कंपनी 2009 साली मोंटाना राज्यात निघाली. तिकडे शिकार कायदेशीर, पण दुसऱ्याच्या जमिनीत शिरायला मालकाची परवानगी हवी, आणि सरकारी व खासगी तुकडे एकमेकांत घुसलेले. म्हणून ते ॲप प्रत्येक तुकड्याची हद्द दाखवतं आणि त्यावर मालकाचं नाव.

दादांनी हातातला कप खाली ठेवला. “नाव? उघडं?”

“उघडं.”

“मग एजंट खातो काय?”

मी म्हटलं, तिथे एजंट नाही, शिकारी आहेत. जनावर कुठे येतं ती जागा सापडली की ते कोणालाही सांगत नाहीत. फोटो दाखवतानासुद्धा मागचा डोंगर ओळखू येऊ देत नाहीत.

“मास्तर,” दादा गहिवरून म्हणाले, “ही तर आपलीच मानसं.” आणि पुतण्याला हाक मारली, “बघ रे, टाक हे ॲप.”

पुतण्याने शोधलं, वाचलं, मान हलवली. “काका, अमेरिका आणि कॅनडाच आहे यात. भिवंडी दिसतच नाही.”

“दिसतच नाय?” दादांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “मग पार्ट्यांना हेच टाकायला सांग.”