भविष्यवेत्त्या गॅझेटियराच्या शोधकास अनावृत पत्र

विद्वद्वर्य संशोधकमहाशयांच्या सेवेशी, मुक्काम सोलापूर, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधाची प्रत मजपाशी ठेवून जाताना, मजकूर मार्गदर्शकांनी मंजूर केलेलाच आहे, तेव्हा संदर्भसूचीतील स्वल्पविराम तेवढे नजरेखालून घालावेत, अशी जी आज्ञा आपण केलीत, ती शिरसावंद्य मानून मी स्वल्पविरामांची झाडती घेतली. एकही स्वल्पविराम फरारी नाही. आडनाव आधी, नाव मागून, ग्रंथनाम तिरप्या ठशात, मग स्थळ, प्रकाशक आणि साल, ही सारी शिस्त इतकी कडेकोट आहे, की ज्या परदेशी विद्वत्परिषदेने हे नियम घालून दिले तिचा खास तपासनीस जरी सोलापूर स्टेशनावर उतरला, तरी त्याला शेरा मारण्यास तसूभर जागा मिळू नये. मला खटकले ते इतकेच, की ज्या ग्रंथांच्या नावांमागे-पुढे हे स्वल्पविराम पहाऱ्यास उभे केले आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मुखावलोकनही आपणास घडलेले दिसत नाही.

चौथ्या प्रकरणात आपण 1930 सालच्या मार्शल लॉची हकीकत सांगितली आहे. गांधीजींच्या अटकेने पेटलेले शहर, 8 मेचा गोळीबार, 12 मेपासून पुकारलेला लष्करी कायदा, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना झालेली फाशी, हे सर्व यथास्थित आहे. या गावात ते शाळकरी पोरासही पाठ असते. परंतु या हकीकतीला आधार म्हणून खाली तळटीप आहे ती अशी: मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, खंड 20, शोलापूर, 1884. महाशय, 1884 साली मोहनदास गांधी राजकोटच्या शाळेत पाठांतर करीत होता! गॅझेटियराचे संपादक जेम्स कॅम्बेल हे मोठे मेहनती गृहस्थ होते, जिल्ह्यातली जमीन, पिके, जातीपाती, देवळे आणि बाजार यांचा त्यांनी इत्थंभूत तपशील जमवला, हे मला ठाऊक होते. परंतु सेहेचाळीस वर्षांनंतरच्या फौजी अंमलाची त्यांना आगाऊ खबर होती, हा शोध मात्र सर्वस्वी आपला आहे.

हा चमत्कार घडला कसा, याचाही मी थोडा तपास केला. सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर एक नव्हे, दोन आहेत: एक इंग्रजी अंमलातले, 1884 चे, दुसरे महाराष्ट्र शासनाने सुधारून काढलेले, 1977 चे. आपल्या एका पूर्वसूरीने, साल न लिहिता, नुसते 'सोलापूर गॅझेटियर' म्हणून पृष्ठांक टाकला. त्याच्या मागून आलेल्याने ती टीप उचलली, साल नसल्याचे त्याच्या नियमनिष्ठ मनाला बोचले, आणि जे साल आधी हाती लागले ते त्याने तेथे बसवले. त्यामागून आलेल्यांनी सालासह सबंध टीप आपापल्या प्रबंधात दाखल करून घेतली, आणि शेवटी ती आपल्याकडे आली, ती अशी की साल कॅम्बेलसाहेबांचे आणि पृष्ठांक शासनाचा. एवढ्या हातांतून गेलेल्या या टिपेला मूळ ग्रंथ कोणी उघडून दाखवला असता तर एका क्षणात तिचे पितळ उघडे पडले असते. कोणी उघडला नाही.

यात सोलापूरकरांनीच लाज बाळगावी असे नाही. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस या पदार्थवैज्ञानिकांच्या 1973 सालच्या एका विख्यात निबंधाला मिळालेले सुमारे 4300 हवाले सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी तपासले आणि 2003 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. 196 हवाल्यांत काही ना काही छापील चूक होती. परंतु एकमेकींहून निराळ्या अशा चुका मोजल्या तर त्या भरल्या अवघ्या 45, आणि पृष्ठांकाची एकच एक चूक तर 78 ठिकाणी हुबेहूब उतरली होती. माणसे स्वतंत्रपणे चुकली तर निरनिराळी चुकतात. सारखीच चुकू लागली, की ती नक्कल करीत आहेत असे समजावे. मूळ निबंध खरोखर वाचून हवाला देणारे पाचांत एखादाच असावा, असा त्या दोघांचा अदमास होता. तेव्हा आपण ज्या पंक्तीत बसला आहात ती जागतिक आहे.

किरकोळ बाबी झटपट उरकतो. कुडलच्या संगमावरील मराठी शिलालेख शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा, आपण तो 'इ.स. 940' असा लिहून चालुक्यकाळातला दगड राष्ट्रकूटांच्या अंगणात नेऊन पुरला आहे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथाचे खंड बावीस आहेत. त्यांतला कोणता, हे वाचकाने कौल लावून ठरवायचे काय? पाचव्या प्रकरणात आपण मागाहून एक परिच्छेद मध्ये घुसवलात, त्याची टीप खाली बसली, आणि तिच्या पाठची 'तत्रैव' ही टीप बिचारी भलत्याच मालकाच्या पदरी पडून, 1877 साली निघालेल्या जुन्या गिरणीतील पाळ्यांची माहिती ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या डॉ. कोटणिसांच्या चरित्रातून घेतल्याचे ठरले. आणि 'गूगल' हा ग्रंथकार नव्हे.

पण एक गोष्ट किरकोळीत घालता येत नाही. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने 1928 साली सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाचा जो अहवाल छापला, त्याचे हवाले आपण पानोपानी दिले आहेत, आणि प्रास्ताविकात 'प्रस्तुत संशोधकाने प्राथमिक साधनांचे सूक्ष्म परिशीलन केले आहे' असेही म्हटले आहे. ज्या ग्रंथालयाचे आपण आभार मानले आहेत, तेथे जाऊन मी तो अहवाल मागवला. शिपायाने धूळ झटकून तो मेजावर ठेवला. पाने जुन्या रिवाजाप्रमाणे कडेला जोडलेलीच होती, ती अद्याप कोणी सुरीने सोडवलेली नव्हती. ज्या पृष्ठावरचा घरभाड्याचा आकडा आपण उद्धृत केला आहे, ते पृष्ठ त्या घडीच्या पोटात, एवढ्या वर्षांत मनुष्याच्या दृष्टीस न पडता, निवांत पडून होते. तळटीप म्हणजे 'मी हे पाहिले' अशी लेखी जबानी असते. स्वल्पविराम चुकला तर तो हस्तदोष म्हणून सोडून देता येतो. जबानी खोटी निघाली तर तिला काय म्हणावे, हे आपण प्रबंधाचे लेखक आहात, आपणच ठरवा.

आणि हे ज्या शहरात घडते, त्याच शहरात जैन संस्कृती संरक्षक संघाने, महायुद्धामुळे कागदाचा दुष्काळ पडला असता, 1943 साली जीवराज जैन ग्रंथमालेतून 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग काढला. आदिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी प्राकृत पाठ सिद्ध करताना पोथी पोथीशी ताडून पाहिली आणि पाठभेद पानाच्या तळाशी नोंदवून ठेवले. दुसरा भाग निघायला 1951 उजाडले. आठ वर्षे! त्यांना ना पदोन्नतीचे गुण हवे होते, ना कोठल्या छाननी समितीची मुदत टळत होती.

आपली तपासणी तर आता यंत्र करते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला टक्क्यांच्या पायऱ्या बांधून दिल्या: दहापर्यंत माफ, साठाच्या वर गेले तर नोंदणी रद्द. मात्र हे साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते, आणि न पाहिलेल्या ग्रंथाची साक्ष काढली तर कोणती पायरी, हे त्या टक्क्यांत कोठेच नाही. म्हणजे मजकूर चोरला तर यंत्र ओरडेल. पुरावा बनवला तर यंत्र प्रमाणपत्र देईल, आणि ते प्रमाणपत्र आपण प्रबंधाच्या आरंभी, अर्पणपत्रिकेच्याही आधी, बांधून घ्याल. घ्या. शोभून दिसेल.

हे लिहिताना मी ज्याच्यावर इतका संतापलो आहे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि हात थबकतो. अरे, तू तासिका तत्त्वावर शिकवतोस. सकाळी एका तालुक्याच्या गावी, दुपारी दुसऱ्या. मधला वेळ एस.टी.त. मानधन निघते तेव्हा निघते, सुटीत तर निघतच नाही. ग्रंथालय उघडे असते त्या वेळी तू वर्गात असतोस, आणि तू मोकळा होतोस तेव्हा त्याला कुलूप असते. कॉलेजरोडवरच्या ज्या दुकानात तू टंकलेखन करून घेतलेस, तेथे 'सोलापूर इतिहास' नावाची सूची संगणकात तयारच असते, पानामागे दर ठरलेला असतो, आणि थोडे अधिक दिले तर जे ग्रंथ कोणी कधी लिहिलेच नाहीत असेही त्यात भरून मिळतात, हे या गावात कोणाला माहीत नाही? तुला कोणी सांगितले की ग्रंथ उघडावा लागतो? ज्यांनी सांगायचे ते, सही करायला घरी बोलावून, तुला दोन तास ओसरीवर बसवून ठेवीत होते! त्यांच्या सूचीची लांबी पाहून तू आपली लांबवलीस. तुझ्या वयाच्या माणसाला अशा कचाट्यात धरून वर नीतीचे पाठ देणाऱ्यांची मला शिसारी येते, आणि त्या पंक्तीला मी बसू इच्छीत नाही.

तेव्हा आता असे कर. सतरा पानांची सूची चार पानांची झाली तरी चालेल. पण जे प्रत्यक्ष पाहिलेस तेवढेच तीत ठेव. जे दुसऱ्याच्या पुस्तकातून मिळाले, तेथे त्या दुसऱ्याचेच नाव घाल आणि 'यांच्या ग्रंथात उद्धृत' एवढे लिही. त्यात कमीपणा नाही. शकाचे साल असेल तर शक म्हण आणि शकात अठ्ठ्याहत्तर मिळवल्याखेरीज इसवी सन लिहू नकोस, पौषापासून पुढचे महिने असतील तर बहुधा एकोणऐंशी. जुन्या ग्रंथालयांत हुडकताना 'शोलापूर' या हिज्जांखालीही बघ. दोन्ही गॅझेटियरे शासनाने संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, ती एस.टी.त बसूनही उघडतात. 1977 चे उघड आणि चौथ्या प्रकरणाची टीप आज रात्रीच दुरुस्त कर. मजूर कचेरीच्या अहवालाची पाने मी ग्रंथपालांच्या परवानगीने सोडवून ठेवली आहेत. घरभाड्याचा तुझा आकडा त्या पृष्ठावर नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळटिपा वाचणारा एक निवृत्त शिक्षक

प्रत माहितीस्तव रवाना: मार्गदर्शक महोदय. सोबत चौथे प्रकरण जोडले आहे. सही आधीच झालेली असल्याने ते वाचण्याची तोशीस घेण्याचे प्रयोजन नाही.