बखळ प्लॉट ते सातबारा

खानदेशात घरखरेदीची सुरुवात बहुधा ‘बखळ प्लॉट’ या दोन शब्दांनी होते. प्लॉट जळगाव शहरात असला तरी कागदावर तो पिंप्राळा किंवा मेहरूण शिवारातल्या गट नंबरात नांदतो. धुळ्यात हाच मान देवपूर, वलवाडीला. कपाशी जाऊन पिढी उलटते, पण बिनशेती नोंदीशिवाय शेत कागदावरून हलत नाही.

पुढचा टप्पा सर्चचा. वकील प्रथेप्रमाणे 30 वर्षांचे दप्तर चाळतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. ती मन लावून वाचणारी व्यक्ती एकच : हक्कसोडपत्रावर सही न केलेली, सुरतेला राहणारी आत्या.

मग साठेखत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 नुसार विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही. पेढे मात्र याच दिवशी वाटले जातात.

मालकी खरेदीखताने येते. दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठे आणि साक्षीदार असा तो सोहळा असतो. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. त्यामुळे कित्येक संसारांत स्त्री-पुरुष समानता एका दुपारपुरती अवतरते.

उरतो फेरफार. हरकतींसाठी 15 दिवस ठेवलेले असतात. चौकशी अहिराणीत होवो वा मराठीत, उत्तर इंग्रजीत येते : ‘सर्व्हर डाऊन’. अखेर सातबाऱ्यावर नाव लागते. मात्र सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीची सरकारी हमी त्यातही नसते आणि दस्तनोंदणीतही नसते.