वर्गणीचा अर्धा हिशेब

पोलंडबद्दल ब्रिटिश माणसाचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकच होतं: पैसे आमचे आणि रस्ते त्यांचे. युरोपियन युनियनच्या सामायिक तिजोरीत ब्रिटन भरायचा जास्त आणि उचलायचा कमी, पोलंडचं नेमकं उलटं. आकडे खरे होते. 2014 ते 2020 या सात वर्षांत मागास भागांच्या विकासनिधीतला सगळ्यात मोठा वाटा पोलंडला मंजूर झाला, 70 अब्ज युरोंहून जास्त. तरीही हे गाऱ्हाणं मला अप्रामाणिक वाटतं. हिशेबाची वही अर्धीच उघडून ते मांडलं गेलं.

उरलेली पानं उघडू. 1984 साली फ्रान्समधल्या फोंतेनब्लोला झालेल्या युरोपीय नेत्यांच्या बैठकीत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी भांडून वर्गणीत सूट मिळवली: ब्रिटन भरतो किती आणि त्याला मिळतं किती, या तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग माफ. तेव्हा ती मागणी रास्त होती. युरोपच्या तिजोरीतला बहुतेक पैसा शेतीवर जायचा आणि ब्रिटनमध्ये शेतीच थोडी. पण माफ झालेली रक्कम भरायची कुणी? बाकीच्या सभासदांनी. 1 मे 2004 रोजी पोलंड आत आला आणि तो भार त्याच्याही डोक्यावर आला. जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि स्वीडन हे श्रीमंत देश मात्र त्यातल्या आपल्या हिश्श्याचा फक्त चौथा भाग देत होते. पोलंडला ती सवलत नव्हती. लुब्लिनकडच्या शेतकऱ्याने लंडनची सूट भरून द्यायची, असा तो कायदेशीर अन्याय होता.

डिसेंबर 2005मध्ये युनियनचं अध्यक्षपद ब्रिटनकडे होतं. 2007 ते 2013च्या अंदाजपत्रकावरची कोंडी फोडायला टोनी ब्लेअर यांनी आधी काय सुचवलं? नव्या सभासदांच्या निधीला कात्री. पूर्वेकडच्या देशांना आत घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत ब्रिटन सगळ्यात पुढे होता. आमंत्रण देणाऱ्यानेच पंगत बसल्यावर हात आखडता घ्यावा, हे शोभणारं नव्हतं. वॉर्सॉत संतापाची लाट उसळली. शेवटी ब्लेअर यांनी सात वर्षांत मिळून सुमारे साडेदहा अब्ज युरोंच्या सुटीवर पाणी सोडलं, आणि अँगेला मेर्केल यांनी जर्मनीच्या वाट्यातले 10 कोटी युरो पोलंडच्या गरीब भागांना दिले. ब्लेअर यांच्यावर मायदेशी शरणागतीचा ठपका बसला. माझ्या मते त्यांच्या युरोपीय राजकारणातला हा सगळ्यात प्रामाणिक क्षण होता.

वहीत मुळात नोंदलंच गेलं नाही असंही एक पान आहे. 2004 साली ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच नव्या देशांच्या कामगारांना लगेच दार उघडलं. लाखो पोलिश तरुण ब्रिटनला गेले. त्यांच्या शाळा-कॉलेजचा खर्च पोलंडने केला होता, त्यांचे कर ब्रिटनच्या तिजोरीत पडू लागले. युनियनच्या ताळेबंदात हे दिसत नाही. 2014च्या जानेवारीत डेव्हिड कॅमेरून यांनी पोलंडमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी जाणाऱ्या बालभत्त्यावर बोट ठेवलं, तेव्हा पोलंडचे परराष्ट्रमंत्री राडोस्वाव शिकोर्स्की यांनी विचारलं, की करदाते तुम्ही घेणार असाल तर त्यांचे भत्ते आम्ही का द्यायचे? बिनतोड प्रश्न होता.

पोलंडही धुतल्या तांदळासारखा नाही. 2015च्या निर्वासितांच्या लोंढ्यात इटली आणि ग्रीसवरचा भार वाटून घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याने आपल्या वाट्याची माणसं घ्यायला नकार दिला. 2020मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. सामायिक पैसा हवा आणि सामायिक ओझं नको, ही भूमिका लंडनच्या तक्रारीइतकीच लबाडीची आहे.

मग 2016च्या सार्वमतात आली युनियन सोडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराची ती लाल बस, आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात असं अंगावर मिरवणारी. त्या आकड्यातून थॅचरबाईंनी मिळवलेली सूट वजाच केलेली नव्हती. ती रक्कम ब्रिटनबाहेर कधी जातच नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा दावा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं, तरी बस फिरतच राहिली.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचं. दरडोई उत्पादन युरोपच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असेल तर तो प्रदेश मोठ्या निधीला पात्र, असा नियम होता. या नियमाने पोलंडचा बहुतेक भाग पात्र ठरला, आणि त्याच नियमाने कॉर्नवॉल आणि वेल्सचा पश्चिम भागही. कॉर्नवॉलमध्ये वेगवान इंटरनेट आलं, पेनरिनला विद्यापीठाचा परिसर उभा राहिला, जुन्या चिनीमातीच्या खाणीत ईडन प्रोजेक्टची काचघरासारखी घुमटं उभी राहिली, त्या सगळ्यात युरोपचा पैसा होता. पोलंडचे रस्ते आणि कॉर्नवॉलचं इंटरनेट एकाच तिजोरीतून आलं. हे ब्रिटिश मतदाराला ठणकावून सांगणारा नेता मोठ्या पक्षांत मला दिसला नाही.

23 जून 2016 रोजी कॉर्नवॉलच्या 56 टक्क्यांहून जास्त मतदारांनी युरोपियन युनियन सोडण्याच्या बाजूने मत दिलं. निकाल लागला त्याच दिवशी कॉर्नवॉलच्या कौन्सिलने लंडनकडे हमी मागितली, की युरोपकडून येणारा निधी आमचा बुडू देऊ नका.