देव, कंत्राटी तत्त्वावर

आमच्या सोसायटीत देव मानणारे किती आणि न मानणारे किती, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. तो गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपोआप मांडला गेला, तोही ‘ऐनवेळचे विषय’मध्ये. विषय जिन्यातल्या पिचकाऱ्यांचा होता.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक कोपरा आहे. तीन वर्षांत त्याला दोनदा रंग दिला. ‘येथे थुंकू नये’ लिहिलं. मग ‘५०० रुपये दंड’ लिहिलं. मग थुंकणाऱ्याच्या खानदानाची चौकशी करणारा एक फलक लागला, तो लोकांनी फोटो काढून गावभर पाठवला, आणि तरीही थुंकले. शेवटी सेक्रेटरींनीच ठराव मांडला, की चारही वळणांवर देवांच्या टाइल्स बसवाव्यात.

आता हे सेक्रेटरी म्हणजे इमारतीतले एकमेव जाहीर नास्तिक. घरात देव्हारा नाही, मुलीचं लग्न रजिस्टर पद्धतीनं. देवाला आता रिटायर करावं, असं अभिनेते डॉ. श्रीराम लागू जाहीरपणे म्हणत. सेक्रेटरी ते दर गणपतीत वर्गणीच्या पावतीऐवजी ऐकवतात. म्हटलं, “साहेब, तुम्ही? आणि देवाच्या टाइल्स?”

“मी कुठे मानतो?” ते म्हणाले. “थुंकणारा मानतो ना!”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माणसं देव का मानतात यावर ग्रंथ लिहिले गेले, आणि उत्तर आमच्या जिन्यात पडून होतं! आपण देव मानतो तो दुसरा कुणी मानतो म्हणून. तिसऱ्या मजल्यावर दर श्रावणात सत्यनारायण असतो. यजमानाला विचारा, तो म्हणेल, आईसाठी. आई म्हणेल, सुनेच्या माहेरचे नावं ठेवतील. सून म्हणेल, मुलांवर संस्कार नकोत का? मुलं शिऱ्यासाठी येतात. भटजींना पुढची पूजा साडेअकराला असते. या सगळ्यात स्वतःच्या हिमतीवर देव मानणारा कोण, तर तो एकटा कोपऱ्यातला इसम, जो गणपती दिसल्यावर तोंडातला ऐवज गिळून टाकील, अशी सर्वांची ठाम श्रद्धा आहे.

ठराव एकमताने मंजूर झाला. लागूंचा देव रिटायर झाला असेल, तर आमच्या सोसायटीनं त्याला कंत्राटावर परत घेतला. हुद्दा वॉचमनचा. ड्यूटी चोवीस तास, सुट्टी नाही, पीएफ नाही, दिवाळीचं पोस्तही नाही.

टाइल्स आणायला सेक्रेटरींबरोबर मीही गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, “देवघराला की जिन्याला?” म्हणजे देवांतही दोन श्रेणी आहेत. जिन्याचा माल स्वस्त. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना, गुरू नानक असा तयार सेट मिळतो. एवढ्या गुण्यागोविंदानं सगळे धर्म आपल्याकडे फक्त थुंकीच्या विरोधात एकत्र येतात. बसवताना वाद झालाच. दत्त तळमजल्यावर नको, असं एका काकूंचं म्हणणं. साईबाबा आमच्या दाराशी का नाहीत, हे दुसऱ्या काकूंचं. मिस्त्री म्हणाला, “तुम्ही ठरवा, सिमेंट वाळतंय.”

दुसऱ्याच आठवड्यात निकाल दिसला. टाइलवर एक थेंब नाही. टाइलच्या डावीकडे, बरोबर वीतभर अंतरावर, नवी ताजी पिचकारी. काय नेम होता! थुंकणाऱ्याची श्रद्धा अढळ होती, फक्त ती आठ बाय बारा इंचांची होती.

सेक्रेटरींच्या नास्तिकतेचं मापही तेवढंच असावं, असा मला संशय आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ११ कोटी २३ लाख माणसांपैकी ९,६५२ जणांची नोंद नास्तिक म्हणून झाली. सगळ्या देशात मिळून असे ३३ हजारांच्या आसपास. म्हणजे या विषयात महाराष्ट्राचा पहिला नंबर, आणि तरी कुणी पेढे वाटले नाहीत. आमचे सेक्रेटरी त्या ९,६५२ मध्ये नाहीत. प्रगणक आला तेव्हा ते भाजी आणायला गेले होते, आणि माहिती वहिनींनी दिली.

वहिनी आणखीही एक गोष्ट सांगतात. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले. चमचा सोंडेला लावला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि दगडावरून पातळ थरानं खाली उतरतं, हे सेक्रेटरींनी त्याच दिवशी चाळीत सगळ्यांना समजावून सांगितलं. मग खात्री करायला स्वतः देवळात गेले. निरीक्षणासाठी. पाऊण तास रांगेत उभे राहिले, घरचा चांदीचा चमचा घेऊन. आणि नंबर आल्यावर चपला काढल्या. पृष्ठताण तपासायला चपला का काढाव्या लागतात, हे वहिनींना आजतागायत कळलेलं नाही.

आस्तिकांची गंमत वेगळी. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळानं २०२५च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटी रुपयांचा विमा काढला. त्यातला मोठा वाटा स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी यांच्या अपघाताचा, बाकी सोन्याचांदीचे दागिने, आग, भूकंप वगैरे. मी याला हसत नाही. शहाणपणाचंच काम आहे. एवढंच वाटतं, की विघ्नहर्त्यासमोर विम्याचा फॉर्म भरताना ‘संभाव्य विघ्ने’ या रकान्यावर पेन क्षणभर अडखळलं असेल का?

सरकारचं मात्र बरं आहे. जीएसटीची वसुली घटली, तेव्हा २७ ऑगस्ट २०२०ला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कोरोना ही देवाची करणी असल्याचं सांगितलं. राज्यं भरपाईची वाट पाहत होती. वसुली वाढली की ती धोरणाची करणी, घटली की देवाची. या हिशेबानं देवाचं अस्तित्व केंद्रीय अर्थ मंत्रालयात केव्हाच सिद्ध झालेलं आहे, खर्चाच्या बाजूला.

असो. मागच्या महिन्यात फ्रिज चढवताना हमालाचा धक्का लागून दुसऱ्या वळणावरचा गणपती तडकला. दोन तुकडे झाले. कचऱ्याच्या डब्यात टाकायला झाडूवाली तयार होईना. चेअरमन म्हणाले, विसर्जन करा. काकू म्हणाल्या, पिंपळाखाली ठेवा. सेक्रेटरी भडकले. “अहो, ती टाइल आहे! भाजलेली माती! द्या इकडे, मी टाकतो.”

काल त्यांच्या स्कूटरवर मागे बसून बँकेत गेलो. पासबुक ठेवायला डिकी उघडली, तर आत दोन्ही तुकडे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेले.

“टाकायचे राहिले,” ते म्हणाले. “वेळच मिळत नाही हो.”

रिटायर होऊन त्यांना सहा वर्षं झाली. येताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्यांनी स्कूटर अगदी हळू घेतली.