खांदा मुलाचा, जिद्द सगळ्यांची

हंगाम संपत आला की हौशी संघातले निम्मे खेळाडू लंगडत असतात आणि संघ नशिबाला बोल लावतो. जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये मात्र त्याला जिद्द म्हणतात. 2018 च्या उन्हाळी कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत कानाआशी कृषी विद्यालयाच्या कोसेइ योशिदाने 881 चेंडू टाकले. अंतिम सामन्यात पाच डावांत बारा धावा गेल्यावर कुठे त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. लहान शाळेने दुसरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणायचा कुठून? प्रश्न रास्त. पण त्याच स्पर्धेत 2006 मध्ये युकी साइतोने 948 चेंडू टाकले, ते टोकियोतल्या चांगल्या नामांकित शाळेकडून. मुलांचीच हौस म्हणाल, तर सारा देश टीव्हीसमोर बसलेला असताना कोणता पोरगा ‘खांदा दुखतोय’ म्हणेल? 2020 पासून आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा आली, तेव्हाही छोट्या शाळांवर अन्याय होईल अशी ओरड झालीच. खांद्याला मताचा अधिकार नसावा.